नुसतं हौ

चहा उकळतोय तोवर सांगतो. आमचा सुरेशदादा लालबर्र्याच्या राईस मिलमध्ये होता. कोणी काम सांगितलं की तो ते शब्दाला शब्द परत म्हणून दाखवायचा, मगच उठायचा. मी त्याला पोपट म्हणून चिडवायचो. दोन महिन्यांपूर्वी दादा तापाने गेला आणि त्याच्या जागी मला घेतलं.

तिसऱ्याच दिवशी मिलच्या मुनीमजींनी ओल्या धानाचं सांगायला सुरुवात केली. मी "हौ" म्हणून पळालो आणि सगळा ओला धान वाळलेल्या ढिगावर ओतला.

मुनीमजी भडकले. "पुरं ऐकून काहून नाही घेत बे? नुसतं हौ! तुह्या भावानं कधी असं केलं काय? परत झालं त कामावर येऊ नको."

दुसऱ्या दिवशी ते वहीत लिहिता लिहिता म्हणाले, "लांजीचे पोते लाल गाडीत भर, मंग काटा पुसून ठेव."

माझे पाय निघालेच होते, पण थांबलो. "लांजीचे पोते लाल गाडीत, मंग काटा पुसाचा. बराबर?"

"हौ रे सुरेश, जाय आता."

पोते उचलणारे हमाल वळून बघायला लागले. मुनीमजींनी हळूच मान वर केली.

मी नाव दुरुस्त केलं नाही. नुसतं हौ म्हणालो.