मधे भुऱ्या

पंचवटीतल्या जनावरांच्या दवाखान्यात भर दुपारी मनीषा मांजराची टोपली मांडीवर घेऊन पेंगत होती. समोरच्या बाकाच्या दोन टोकांना झेंडू पिकवणारे बहिरूबाबा आणि त्यांची बायको कुसाबाई बसले होते. मधे त्यांचा कुत्रा भुऱ्या, पुढचा पंजा फडक्यात गुंडाळलेला.

“भुऱ्या, यांना सांग, फडकं लय घट्ट झालंय. पंजा सुजंल.”

“भुऱ्या, तिला सांग, सैल बांधलं तर रक्त थांबत नव्हतं.”

“जखम धुतली का, विचार.”

“कोमट पाण्यानं धुतली. काच खोल हाय, म्हणून उपसली नाय, म्हणावं.”

“बरं केलं म्हण. मी माझी गुडघ्याची गोळी देणार होते अर्धी.”

“माणसाची गोळी कुत्र्याच्या जिवावर बेतते, म्हणावं. डॉक्टरीणबाईंनी फोनवर बजावलंय.”

“आज लय बोलले, म्हण.”

पंखा संथ फिरत होता. त्या दोघांच्या कपड्यांना झेंडूचा वास येत होता. मनीषाच्या पापण्या जडावल्या आणि तिला वाटलं, कुत्राच दोन आवाजांत स्वतःशी बोलतोय.

मग त्यांना आत बोलावलं. पडद्याआडून डॉक्टरीणबाईंचा आवाज आला.

“एकानं त्याला घट्ट धरा. काच काढते.”

“भुऱ्या, यांना सांग...” कुसाबाई थांबली. “अहो, तुम्ही तिकडं बघा. काच उपसताना बघितलं तर भोवळ येईल तुम्हाला.”

“तुला एकटीला झेपंल?”

“झेपंल. तुम्ही माझा खांदा धरा.”

भुऱ्या एकदाच कळवळला.

“निघाली काच. सोडा आता.”

“त्याला कवाच सोडलंय, बाई. हेच मला सोडंनात.”