मैया नावाची सवारी

डोकं काहून फिरलं, सांगतो. मालकानं माझ्या ट्रकमध्ये कॅमेरा बसवला, ड्रायव्हर झोपला की कोकलणारा. तीन तक्रारी झाल्या की गाडी काढून घेतात.

काल भर दुपारी नागपूरहून माल घेऊन येऊन राहिलो होतो. जबलपूरजवळ नर्मदेचा पूल लागला, तशी सवयीनं मान झुकवली अन् 'नर्मदे हर' म्हटलं. झालं! कॅमेरा ओरडला, 'ड्राइवर सो रहा है!'

लगेच कॅमेरावाल्या कंपनीच्या दिल्लीच्या ऑफिसातल्या दीदीचा फोन. पुलावर गाडी थांबवू कुठं? घंटी काही थांबेना, शेवटी उचलला.

'भैया, सो रहे थे?'

'नहीं दीदी, मैया को प्रणाम किया.'

'कौन मैया? गाड़ी में सवारी बिठाई है?'

तेवढ्यात कॅमेरा पुन्हा ओरडला, 'ड्राइवर फोन पर है!'

दीदी भडकली, 'चलती गाड़ी में फोन क्यों उठाया?'

'अवो, तुम्हीच तर केला!' तोंडातून मराठीच निघालं.

संध्याकाळी मालकाकडे रिपोर्ट. झोपला, फोनवर बोलला, अन् मैया नावाची सवारी बसवली.

मालक जबलपूरचाच. मैयाचं नाव वाचून त्यानं आधी हात जोडले, अन् मग माझ्याकडं चाबी मागितली.