कार्डात न बसलेला इलाज

मंडळी, सगळे आलात. कमठाण्याची माणसं तर आहेतच, पण मादन हिप्परग्याहून अण्णाचे सोयरेही बस बदलत बदलत आलेत. समोर रुक्मिणवहिनी बसल्यात, त्यांच्या बाजूला बंडेप्पा अण्णाचा धाकटा भाऊ इरप्पा. या दूध संस्थेच्या पटांगणातल्या सभांच्या बातम्या मी वर्षानुवर्षं बीदरहून पेपरला पाठवत आलो. बातमीला अडत नाही मी. आज अडतोय. आपला चेअरमन, बंडेप्पा अण्णा गेला, एवढं एक वाक्य बोलतानाही जीभ जड होते.

मघाशी आत येताना दारात स्टुलावर ताट दिसलं. बिडीबंडलं, काडेपेट्या, तंबाखू, चुन्याची डबी. ज्यानं ठेवलं त्याला मी नावं ठेवत नाही. दुःखाला आलेल्या माणसाला आपण रिकामं बसवत नाही, आपली रीत आहे. पण तेव्हापासून माझं चित्त ठिकाणावर नाही. बंडेप्पा अण्णाच्या शोकसभेत हे ताट? कुणासाठी ठेवलं? कुणाच्या नावानं?

अण्णाला पहिली बिडी त्याच्या बापानं दिली. मेंढरं राखायला नेलं तेव्हा, स्वतः शिलगावून दिली. म्हणाला, "ही वढ, डोळा लागायचा न्हाई." पोरावर माया म्हणून दिली, मंडळी. पुढं मेंढरं गेली. शेत आलं, म्हशी आल्या, ही संस्था उभी राहिली. घरोघरची पोरं हैदराबादला, पुण्याला कामाला गेली. सगळं बदललं, बिडी तेवढी अण्णाच्या खिशात राहिली.

सरकारी आरोग्य विम्याचं कार्ड निघालं, तेव्हा अण्णा या गावात दारोदार फिरला. आठवतंय ना? तुमच्यातले काही जण म्हणाले होते, आम्ही धडधाकट आहोत, आम्हाला कशाला कार्ड? त्यावर अण्णा म्हणायचा, "आजारी पडायच्या आदी काढायचं असतंय ते. पडल्यावर धावून काय उपेग?" हे वाक्य ध्यानात ठेवा. मी पुन्हा त्याच्याकडे येणार आहे.

मग त्याचा आवाज बसायला लागला. ज्या आवाजानं तो रानाच्या या टोकाहून त्या टोकाच्या मेंढराला वळवायचा, तो आवाज. बीदरच्या डॉक्टरीणबाईंनी तपासलं आणि म्हणाल्या, अजून वेळ आहे, पण बिडी सोडा. अण्णानं सोडली. मग काय झालं ते वहिनींना विचारा. डोकं धरून बसायचा, जेवणाचं ताट सरकवायचा, म्हशीशी भांडायचा. शेवटी वहिनींनीच सांगितलं म्हणे, "वढा एकदाची, पर त्या म्हशीला सोडा. दूद द्यायची बंद झालीय."

बिडी पुन्हा सुरू झाली. तो शरमेनं मान खाली घालून पुन्हा डॉक्टरीणबाईंकडे गेला. बाई रागावल्या नाहीत. त्यांनी सांगितलं की हा मनाचा कच्चेपणा नाही, हा आजार आहे आणि याला इलाज आहे. चघळायच्या गोळ्या असतात. पोटात घ्यायच्याही असतात. आठवड्याला येऊन बोलून जायचं असतं. त्या दिवशी अण्णा बसस्टँडवर मला भेटला. तोंडावर असा आनंद मी त्याच्या पोराच्या लग्नातही पाहिला नव्हता. म्हणाला, "मला वाटायलतं मीच नालायक हाव. ह्याला औषद हाय म्हणायल्यात!"

आणि औषध लागूही पडलं. खोकला कमी झाला. इरप्पालाही त्यानं गोळी दिली होती. इरप्पा, तू एका गालात गोळी ठेवलीस आणि दुसऱ्या गालात तंबाखू, आणि वर गावभर सांगत फिरलास की औषधात काही दम नाही. हसा, हसा. अण्णा स्वतः हा किस्सा सांगून हसायचा.

पण गोळ्या विकतच्या. त्या काही महिने घ्यायच्या असतात. घर चालवून हे जमेना, गोळ्या थांबल्या. तेव्हा अण्णाला कार्ड आठवलं. दुसऱ्यांना दारोदार जाऊन काढायला लावलेलं कार्ड. आम्ही दोघं दवाखान्यातल्या कार्डाच्या खिडकीवर गेलो. तिथला पोरगा भला होता, अदबीनं बोलला. म्हणाला, "अण्णा, कार्डात ऑपरेशन बसतंय. भरती व्हा, सगळं फुकट. बिडी सोडायचं बसत न्हाई."

अण्णानं विचारलं, "आणि गळा कापायचं बसतंय?"

पोरगा सरळ मनानं म्हणाला, "व्हय, ते बसतंय की."

"म्हंजे आदी कापण्याजोगा होऊन येऊ, मग तुमी वाचवणार?"

ते पोरग्याच्या हातात नव्हतं. आम्ही बाहेर आलो. अण्णा म्हणाला, आजारी पडायच्या आधी कार्ड काढा म्हणून मी लोकांच्या मागं लागलो, आणि हे कार्डच म्हणतंय आजारी पडून ये.

तेव्हापासून त्याला चैन पडेना. गुलबर्ग्याला विमा योजनेचा मेळावा होता, तिथं तो उठून उभा राहिला. आधी कानडीत विचारलं, मग उर्दूत, मग मराठीत, म्हणजे कळलं नाही असं कुणाला म्हणता येऊ नये. व्यासपीठावरचे साहेब म्हणाले की बिडी ही सवय आहे, सवयीला विमा नसतो. त्यावर अण्णा काय म्हणाला? "साहेब, बशीत वतून च्या पितो ती माजी सवय. बिडीला मी धरलं न्हाई, तिनं मला धरलंय." मंडपात हशा झाला. साहेबही हसले. पुढचा प्रश्न घेतला.

मग अण्णानं ठरवलं की एकट्याचा आवाज पुरत नाही. संस्थेचा ठराव करायचा. तंबाखू सोडायचा इलाज, डॉक्टरचा सल्ला आणि औषध, हे सगळं कार्डात घाला, अशी सभासदांची मागणी. हीच जागा होती. तुम्हीच होता. अण्णा बसक्या आवाजात ठराव वाचत होता आणि त्याच वेळी हेच ताट हातोहात फिरत होतं. कुणीतरी मागून म्हणालं, आता सरकारनं चेअरमनला चघळायला द्यायचं, उद्या पान लावून द्या म्हणा. सगळे हसले. ताट फिरत फिरत अण्णासमोर आलं. ठराव एका हातात होता. दुसऱ्या हातानं त्यानं बिडी उचलली.

मी त्याला दोष देत नाही. तुम्हालाही देत नाही. ठराव पुढच्या बैठकीवर गेला. पुढच्या बैठकीत त्याच्या पुढच्या बैठकीवर गेला.

मग गळ्यात गाठ निघाली. आणि मंडळी, मला हे प्रामाणिकपणे सांगितलं पाहिजे की कार्डानं आपलं काम चोख केलं. खाट मिळाली. मोठे डॉक्टर मिळाले. दोन्ही वेळचं जेवण मिळालं, घरी यायचं बसभाडंसुद्धा मिळालं. कुणी हात पसरला नाही, कुणी अडवलं नाही. ते कार्ड चांगलं आहे. कुणीही रागानं ते फेकू नका.

ऑपरेशनच्या आधी बिडी पूर्ण बंद हवी होती. म्हणून वॉर्डात त्याला गोळ्या सुरू केल्या. त्याच गोळ्या. कार्डावर. मी भेटायला गेलो तर अण्णानं एक गोळी तळहातावर घेतली, माझ्यापुढे धरली आणि त्या घोगऱ्या आवाजात म्हणाला, "बसली बगा कार्डात."

त्याच्या तोंडून मी ऐकलेलं हे शेवटचं. ऑपरेशनमध्ये आवाजाची पेटीच काढून टाकावी लागली. त्यानंतर तो हातवाऱ्यांनी बोलायचा, आणि आम्ही अर्धं समजायचो, अर्धं समजल्यासारखं करायचो. पण बिडी सुटली. ती पुन्हा लागली नाही. काही महिन्यांनी अण्णाच गेला.

काल तिसरा दिवस झाला. रानात, जिथं त्याला मातीत ठेवलं तिथं, पत्रावळीवर त्याच्या आवडीचं सगळं मांडलं. भाकरी, वांग्याची भाजी, बशीत चहा. इरप्पानं खिशातून बंडल आणि काडेपेटी काढून पत्रावळीच्या कडेला ठेवली. भाऊच तो. मायेनंच ठेवली, बापानं दिली होती तशी. वहिनी पुढं झाल्या. काल दिवसभर त्या रडल्या नव्हत्या, तेव्हाही रडल्या नाहीत. बंडल उचललं आणि दिराच्या हातात परत दिलं. म्हणाल्या, "भावजी, ही तुमच्याजवळच ठेवा. त्यास्नी नगं. लई कष्टानं सुटलीय त्यांची."

परत येताना इरप्पा माझ्याबरोबर चालत होता. मधेच थांबून खोकला. मग म्हणाला, मलाही सोडायचीय, पण सुटंना. आणि मला विचारलं, "आता तरी बसतंय का हो कार्डात?"

काय सांगू त्याला, मंडळी? बसत नाही. अजून बसत नाही. इरप्पाला खाट मिळेल. इरप्पाला बसभाडं मिळेल. इरप्पाचा आवाज अजून शाबूत आहे, आणि आवाज शाबूत आहे तोवर त्याला काहीही मिळणार नाही.

म्हणून मी आज अण्णाचे गुण सांगत बसणार नाही. ते तुम्हाला ठाऊक आहेत. सगळे सभासद इथं बसलेत, सेक्रेटरीही आहेत. सभा संपली की उठू नका. तो ठराव इरप्पा वाचणार आहे. वहिनींनी त्याला सांगितलंय, आणि तो हो म्हणालाय. हात वर करायचा की नाही ते तुम्ही ठरवा. फक्त या वेळी ताट फिरवू नका. तिथं पाण्याचा तांब्या ठेवा.

आता आपण उभे राहू आणि अण्णासाठी थोडा वेळ शांत राहू. खरं सांगायचं तर शांतता मागायला मला नको वाटतं. त्यानं शेवटचे महिने शांततेतच काढले. तेव्हा एवढं करा, उभं असताना ज्याला खोकला येईल त्यानं तो दाबू नये. येऊ द्या. शेजारच्याला ऐकू जाऊ द्या. अण्णाची मागणी कुणासाठी होती, ते आपलं आपल्याला ऐकू येईल.

उठा, मंडळी.