एका मशीनच्या दोन पाळ्या

(बजाजनगर. सकाळ. रात्रपाळी करून आलेला वॉचमन फकिरा, डोक्याला पट्टी बांधलेला त्याचा धाकटा भाऊ मोतीराम, आणि फकिराची बायको आशाबाई. खाटेवर नळी लावलेलं श्वासाचं मशीन.)

मोतीराम : ...मग आधी मला काढायचं ना, दादा? नाय. टँकर आडवा, मी आत उलटा, अन् लोक हंडे घेऊन पळत आले. एक बाई काचेतून म्हणती, भाऊ, जरा थांब, एवढी कळशी भरू दे.

फकिरा : थांबलास का?

मोतीराम : थांबलो. जाणार कुठं?

आशाबाई : भाऊजी, गाडी चालवताना झोपला होता ना तुम्ही?

मोतीराम : नाय वैनी. करमाडच्या अलीकडं डोळे मिटले, उघडले तवा आडवा होतो. मधलं ठाऊक नाय.

आशाबाई : त्यालाच झोप म्हणतात.

फकिरा : तो तरी काय करणार? रात्रभर गळा मिटतो, श्वास अडतो. झोप होतच नाय, मग कुठंबी डोळा लागतो. बाबांचं बी हेच होतं. जमीन भावकीत गेली, घोरणं तेवढं आपल्या वाट्याला आलं.

मोतीराम : मशीनचा हिशेब किती बेस बसला होता! तू रात्रपाळीला, दिवसा लावणार. मी दिवसा टँकरवर, रात्री लावणार. एका मशीनमधी दोन माणसं.

फकिरा : डॉक्टरनं मशीनमधलं तास मोजणारं कार्ड बघितलं, लई खूश. म्हणे, रोज पंधरा तास लावता, असा पेशंट पाहिला नाही. मग म्हणे, एवढं झोपता तर नोकरी काय करता?

आशाबाई : काय सांगितलं?

फकिरा : वॉचमन आहे म्हणालो. त्यांना पटलं.

मोतीराम : दुष्काळानं घोळ घातला बघ. शेंद्र्याकडं सात-सात मजली बिल्डिंगा, भारी भारी नळ, अन् पाणी आमच्या टँकरचं. विहिरीत दिवसभर जमतं ते रात्री उपसायचं. मालक म्हणतो, चलानेका तो रातकोच. आता मला बी दिवसाच झोपावं लागतं.

आशाबाई : मग अर्धा दिवस तुम्ही, अर्धा दिवस हे.

फकिरा : तेच चाललं होतं की महिनाभर. दोघंबी अर्धे झोपलो, म्हणून तर टँकर आडवा.

आशाबाई : पाळी बदलून मागा.

फकिरा : मागितली. कंत्राटदार म्हणाला, दिवसा झोपायचं नसंल तर रात्री घरीच झोप, कामावर येऊ नको.

आशाबाई : दुसरं मशीन?

फकिरा : एकालाच म्हस विकली. दुसरी म्हस कुठंय?

मोतीराम : मालकानं टँकरचा पत्रा ठोकून घेतला, माझे टाके घालून घेतले. आज रात्री टँकर अन् मी, दोघंबी कामावर.

फकिरा : मग मशीन तू तुझ्याकडं ने, मोतीराम.

मोतीराम : येडा झालास का? डॉक्टर काय म्हणाले? माझ्यापेक्षा तुझं जास्त वाईट. एखाद्या दिवशी अडलेला श्वास परत सुरूच होणार नाय म्हणाले.

फकिरा : मी झोपलो अन् गेलो तर एकटा जाईन. तू झोपलास तर तू, समोरची एसटी, अन् टँकरभर पाणी.

आशाबाई : पाणी शेवटी?

फकिरा : चढत्या क्रमानं सांगितलं.

मोतीराम : मी नाय नेणार.

फकिरा : अरे, मी गेटवर खुर्चीत बसून झोपतो कधी कधी. बसल्यावर कमी अडतो. साहेबाला वाटतं जनरेटर चालू आहे.

आशाबाई : भाऊजी, न्या ते.

मोतीराम : वैनी, तुम्ही बी?

आशाबाई : न्या म्हणते ना. नळी मुडपू देऊ नका. नाकाची टोपी रोज धुवा, वाटीभर पाणी पुरतं.

मोतीराम : अन् दादा?

आशाबाई : मशीन यायच्या आधी कोण होतं? उशाशी बसायची मी. श्वास थांबला की खांदा हलवायची. आता बी तेच. बसल्या बसल्या हातानं लसूण सोलायचा.

मोतीराम : अन् तुम्ही झोपणार कधी?

आशाबाई : हे ड्युटीवर गेल्यावर.

फकिरा : रात्री तर टाकीवर नंबर लावून बसतेस तू.

आशाबाई : मग पाणी येईल त्या रात्री नाय झोपणार.

फकिरा : अन् दुपारी तुझा डोळा लागला तर?

आशाबाई : व्हा आडवे.

फकिरा : आशा, मी काय विचारतोय?

आशाबाई : ऐकलं मी. भाऊजी, जाताना दार ओढून घ्या. रस्त्याच्या आवाजात यांचा श्वास ऐकू येत नाय.