कपाटातली पाचवी सुरी

आजच्या समारंभाच्या माननीय अध्यक्षबाई, छापखान्याचे संचालक, व्यासपीठावरचे मान्यवर, सत्कारमूर्ती म्हणजे आपल्या सर्वांचे मामा, पहिल्या रांगेत बसलेली त्यांची लेक, जावई आणि नातवंडं, आणि खुर्च्या रिकाम्या असूनही मागच्या दाराशी उभे राहिलेले माझे बांधणी विभागातले सहकारी. तिथून लवकर सटकता येतं, हे मला ठाऊक आहे. मीही पूर्वी तिथंच उभा राहायचो.

मामांच्या सतरा वर्षांच्या सेवेवर बोलायला संयोजकांनी मला पाच मिनिटं दिली आहेत. आता मामांबद्दल मी काय सांगावं? कॅन्टीनमध्ये कोणाला तिखट चालत नाही, कोण घरून भांडून उपाशी आलंय, हे त्यांना ताट वाढायच्या आधी कळायचं. आपल्यापैकी निम्म्या लोकांनी या माणसाच्या हातचं जेवून अंगावर मांस चढवलंय. पुढच्या वक्त्या त्यावर बोलतीलच. मला दुसरंच काही बोलायचं आहे, आणि ते बोलायला मी आठ वर्षं उशीर केला आहे.

माझा छंद आपल्याला माहीत आहे. नसेल तर आपण माझ्या घरी कधी आला नाहीत. एक फार मोठा नट होऊन गेला. नाव घेत नाही, तुम्ही ओळखलंच आहे. मी त्याच्या वापरातल्या सुऱ्या जमवल्या. पत्रं फोडायची, फळं कापायची, शिकारीच्या चित्रपटातली दुमडती, पेन्सिलींना टोक काढायची आणि पाचवी स्वयंपाकघरातली. कुलपाचं काचेचं कपाट, आत दिवा, प्रत्येकीखाली छापील चिठ्ठी. आमच्या सौभाग्यवती म्हणतात, "घरात टोमॅटो कापायला धड सुरी नाही, आणि कपाटात पाच जणी लोळत पडल्यात." त्यांचं म्हणणं खरं आहे.

तो नट स्वतः स्वयंपाक करून पाहुण्यांना वाढतो, असं त्या काळी सगळीकडे छापून यायचं. आपणही त्यातलं काही छापलं असेल. म्हणून पाचवी सुरी माझी सर्वांत लाडकी. पातं घासून घासून निम्मं झालेलं, लाकडी मूठ काळीभोर. तो गेल्यावर वारसांनी घरातल्या सामानाचा लिलाव केला, त्यात मी ती घेतली. सोबत शिक्का मारलेला दाखलाही होता.

नऊ वर्षांपूर्वी मला बढती मिळाली तेव्हा मी चार माणसं घरी जेवायला बोलावली आणि स्वयंपाकाला मामांना नेलं. हात पुसत ते बाहेर आले आणि कपाटापाशी थबकले. मग हळूच म्हणाले, "साहेब, ही माझी."

मी हसलो. पाहुणेही हसले. मी म्हटलं, "मामा, त्या नटाची म्हणा."

"घर त्यांचं. सुरी माझी. पहिल्या नोकरीला निघालो तेव्हा आईनं दिली होती."

त्या घरात ते अकरा वर्षं स्वयंपाकाला होते. नट गेला त्या दिवशी ते बाजारात गेले होते. परत येतात तो वारसांनी घराला कुलूप ठोकलेलं. आत जे होतं ते सगळं त्या नटाचं ठरलं. हे सगळं मामांनी मला दोन वाक्यांत सांगितलं आणि ते आत भाजी बघायला गेले.

आता खरी गोष्ट सांगतो. माझा विश्वास बसला नाही, असं मी पुढे सगळ्यांना सांगत आलो. ते खोटं आहे. दुसऱ्याच दिवशी मी कॅन्टीनच्या खिडकीशी उभा राहून त्यांचा हात बघितला. मामांच्या उजव्या हाताचं अंगठ्याशेजारचं बोट लहानपणी दारात सापडून अर्धं गेलंय, म्हणून सुरी धरताना ते मधलं बोट पुढे टेकवतात. माझ्या सुरीच्या मुठीला बरोबर तिथंच खळगा पडलाय. त्या नटाची दहाही बोटं शाबूत होती, पडद्यावर आपण सर्वांनी बघितली आहेत. मला कळलं, आणि मी गप्प बसलो. का? ती एका आचाऱ्याची सुरी ठरली असती तर मी पाहुण्यांना काय दाखवणार होतो?

वर्षभरानं मामा माझ्या टेबलापाशी आले. लेकीचं लग्न ठरलं होतं आणि सगळा स्वयंपाक ते स्वतःच्या हातानं करणार होते. त्यांनी सुरी परत मागितली नाही. दोन दिवसांसाठी मागितली. पाहिजे तर लिहून देतो, म्हणाले. त्यांची आई नातीचं लग्न बघायला उरली नव्हती, निदान तिची सुरी तरी तिथं असावी, एवढंच त्यांचं म्हणणं होतं.

मी म्हणालो, "अहो मामा, ती वापरायची वस्तू नाही."

"सुरी?" म्हणाले, आणि निघून गेले. लग्नात मी त्यांना नव्या कोऱ्या सुऱ्यांचा संच रंगीत कागदात बांधून दिला. केवढं हे माझं मन! लग्नाचं जेवण उत्तम झालं होतं. मी दोनदा वाढून घेतलं.

गेल्या दीड वर्षापासून मामांचे हात थरथरतात. म्हणून तर हा निरोप निवृत्तीच्या वयाआधी दोन वर्षं आला. पंधरा दिवसांपूर्वी मी ती सुरी घेऊन कॅन्टीनमध्ये गेलो आणि ओट्यावर ठेवली. मामांनी उचलली. बोट आपसूक खळग्यात बसलं, पण हात काही थांबेना. त्यांनी ती खाली ठेवली, धुतली, पुसली, कागदात गुंडाळली आणि माझ्याच हातात दिली. घरात नातवंडं आहेत, माझा हात असा, तुमच्या कपाटाला कुलूप आहे, म्हणाले. मग पाठ फिरवून भांडी लावता लावता म्हणाले, "लग्नात हवी होती हो, साहेब."

संयोजकांची इच्छा होती की आज ही सुरी मी मामांना व्यासपीठावर भेट द्यावी. मी नकार दिला. ज्याची वस्तू त्याला देऊन मी टाळ्या घ्यायच्या, हे मला जमणार नाही. सुरी माझ्या घरी आहे, चिठ्ठी काढून टाकली आहे, कपाटाची एक किल्ली मी आज त्यांच्या लेकीकडे दिली आहे. ताई, तुम्हाला वाटेल तेव्हा या, विचारायची गरज नाही.

अध्यक्षबाईंनी वेळ दिला, आपण शांतपणे ऐकून घेतलंत, सर्वांचा आभारी आहे. बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल तर सभेनं मोठ्या मनानं पोटात घालावं. पण आठ वर्षांपूर्वी मी जे "नाही" म्हणालो, त्याची माफी सभेकडे मागत नाही. मामांकडेही मागत नाही, कारण ते लगेच देऊन टाकतील.