अडतिसावी गाठ

सिस्टर: वही दाखवतो म्हणाला होतात, मास्तर. दुसऱ्यांदा चार जिने चढून आले.

मास्तर: दाखवतो की. एवढी बाही लागू दे. मशिनवरून मध्येच उठलं की शिवण रुसते. बसा.

सिस्टर: उभीच बरी आहे. सहाला सभा आहे.

मास्तर: दहा वर्षांत वस्तीचे पाच सचिव झाले. एकानेही विहिरीची वही मागितली नाही. तुम्हाला सचिव होऊन तीन महिने नाहीत.

सिस्टर: कुणी मागितली नाही म्हणूनच मागते.

मास्तर: घ्या. त्या फळीवर, बटणांच्या डब्याखाली. पहिली सहा वर्षं हिच्या अक्षरात. ही गेल्यावर पुढची माझी.

सिस्टर: काकूंचं अक्षर ओळखते मी. पंचेचाळीस फुटांवर पाणी. मग चव्वेचाळीस. पुन्हा पंचेचाळीस, त्रेचाळीस, चव्वेचाळीस, बेचाळीस. कधी वर, कधी खाली.

मास्तर: विहीर आहे ती. नळ नव्हे.

सिस्टर: आणि तुमच्या अक्षरात? एक्केचाळीस, चाळीस, एकोणचाळीस. दर वर्षी फूटभर वर. एकदाही खाली नाही.

मास्तर: मग बरंच झालं ना? वस्तीचा संकल्पच होता तो. दहा वर्षांत पाणी अडतीस फुटांवर आणायचं. फाटकावरच्या पाटीवर मीच रंगवलाय तो आकडा.

सिस्टर: वॉर्डात एखाद्याचा ताप रोज नेमाने अर्धा अंश उतरलेला दिसला ना, तर मी पेशंटकडे नंतर बघते. आधी तक्ता भरणाऱ्याकडे बघते.

मास्तर: म्हणजे मी घरबसल्या आकडे लिहितो.

सिस्टर: तसं म्हटलं नाही मी.

मास्तर: म्हणायचं राहिलंय काय?

सिस्टर: दोन वर्षांपूर्वीचा उन्हाळा आठवतो? दोन महिने टँकर येत होते. मी रात्रपाळी करून यायची आणि बादल्या घेऊन रांगेत उभी राहायची. त्या वर्षी तुमच्या वहीत पाणी फूटभर वर आलंय.

मास्तर: तेव्हा मलाही नवल वाटलं होतं.

सिस्टर: वाटलं, आणि बोलला नाहीत.

मास्तर: चांगल्या बातमीची उलटतपासणी कोण घेतं, बाई?

सिस्टर: ज्याला त्यातून काही मिळायचं नसतं, तो घेतो.

मास्तर: कात्री कुठे चाललीय ते कळतंय मला. एकदाची चालवा.

सिस्टर: पाणी अडतिसाला आलं की बोअर मारायची बंदी उठणार. चार इमारतींचे अर्ज तयार आहेत. आणि बोअरचं यंत्र या वस्तीत एकाच माणसाकडे आहे.

मास्तर: माझ्या जावयाकडे.

सिस्टर: हे मी एकटी म्हणत नाही. जिन्याजिन्यात बोलणं चाललंय.

मास्तर: आणि तुम्ही जिन्यांचं ऐकून माझ्या दारात आलात. चाळीस वर्षं मापं घेतली मी. कुणाचं पोट किती सुटलंय ते बाहेर सांगितलं नाही, आणि वहीत कमी लिहून कुणाला खूशही केलं नाही. खोटं माप लपत नाही. पहिल्याच दिवशी काखेत उसवतं.

जावई: दार उघडंच होतं म्हणून आलो. बाबा, चला, पाच वाजले. दोर सोडू या विहिरीत. खाली माणसं जमवलीत मी साक्षीला.

सिस्टर: तुम्ही जमवलीत?

जावई: सगळ्यांसमोर झालेलं बरं असतं, सिस्टर. तुम्हीच मोजा हवं तर. लाल धाग्याच्या गाठी, फुटाफुटाला एक. चष्म्याशिवाय दिसतात.

सिस्टर: आकडा लागेल याची फार खात्री दिसतेय.

जावई: परवाच सोडून पाहिला ना. अडतिसाव्या गाठीला बरोबर पाणी.

मास्तर: परवा? मला न विचारता?

जावई: जिन्याच्या पोकळीत चोवीस तास लोंबतोय, त्यात विचारायचं काय? चार लोकांत तोंडघशी पडायला नको, म्हणून बघून घेतलं.

मास्तर: जावईबापू, तुम्ही खाली थांबा.

जावई: अहो बाबा, लोक खोळंबलेत.

मास्तर: खाली थांबा म्हटलं.

सिस्टर: गेले. ऐकलंत ना?

मास्तर: ऐकलं. आता मलाच बघायचंय. त्याने एक गाठ जरी सरकवली असेल, तर या घरात त्याचा पाय नको. मुलगी रडली तरी चालेल.

सिस्टर: सरकवलेली कळेल तुम्हाला?

मास्तर: हिच्या गाठी आहेत त्या. दुहेरी वेढा आणि टोक आत खोचलेलं. मला स्वतःला जमत नाहीत, त्याला काय जमणार? चला जिन्यात. दोर वर ओढा. सावकाश, खाली जुनी इस्त्री बांधलीय.

सिस्टर: केवढी जड आहे ही. कशाला बांधलीत?

मास्तर: दोर सरळ राहतो. आमची ही मात्र दोर गुंडाळून माळ्यावर टाकायची. मी नाही गुंडाळत, गाठी झिजतात. चार वर्षं असाच जपून टांगलाय.

सिस्टर: या पहिल्या गाठी बघा.

मास्तर: हिच्याच. ही पण. ही पण हिचीच. हात लागलेला नाही कुणाचा.

सिस्टर: तरी टेप लावून बघू. टोपलीतली घेऊ?

मास्तर: ती नको, ती गेल्या वर्षीची. ही नवी घ्या. शिंप्याने जुन्या टेपेवर भरवसा ठेवू नये. ओढून ओढून लांबते ती, आणि आपल्याला वाटतं गिऱ्हाईकच बारीक…

सिस्टर: काय झालं?

मास्तर: दहा गाठी मोजा. एकशे वीस इंच भरायला हवेत.

(दोघं जिन्याच्या तोंडाशी बसून दोर पसरतात.)

सिस्टर: एकशे पस्तीस.

मास्तर: पुन्हा मोजा.

सिस्टर: एकशे पस्तीसच. खालच्या दहा बघते. तेवढेच.

मास्तर: म्हणजे फुटामागे साडेतेरा इंच. अशा अडतीस गाठी.

सिस्टर: पाचशे तेरा इंच. पावणेत्रेचाळीस फूट.

मास्तर: बेचाळिसावर सोडून गेली होती ही.

सिस्टर: पाणी वर आलंच नाही, मास्तर. नऊ इंच खाली गेलंय.

मास्तर: आणि मी पोराला चोर ठरवून मोकळा झालो होतो.

सिस्टर: काकूंच्या वेळी नाही लांबला दोर?

मास्तर: ही दर वर्षी नवा दोर आणायची. मी चिडवायचो, अगं, विहीर मोजतेस की दोरांचं दुकान काढतेस? आमच्या टेपेसारखाच दोरही ओढून लांबतो, पण माझ्या ध्यानात आलं नाही. हा तिने बांधलेला शेवटचा. टाकवला नाही.

सिस्टर: मी काय काय बोलून गेले तुम्हाला.

मास्तर: बोललात म्हणून निघालं. चार वर्षं कुणी शंकाच घेतली नाही. पाटी बघून लोक सैल झाले. अंगणात पाइप लावून गाड्या धुतात. शोषखड्डे दोन वर्षं उपसले नाहीत. कशाला उपसायचे, पाणी तर वाढतंय. मीच आटवली हो ती विहीर, या वहीत लिहून लिहून.

सिस्टर: सभेत मी सांगते. दोर जुना झाला होता म्हणेन, तुमचं नाव येणार नाही.

मास्तर: माप मी घेतलं होतं. मीच सांगणार.

सिस्टर: लोक म्हणतील, जावयाशी बिनसलं म्हणून आकडा फिरवला.

मास्तर: म्हणोत. आजवर जावयासाठी घटवला म्हणत होते ना? जिन्यांना काहीतरी लागतंच. मुलगी मात्र चार दिवस बोलायची नाही, ते खरं.

जावई: (खालून) बाबा, येताय ना? आणि तो दोर कुठे गेला?

मास्तर: आलो. पाटी पुसायला फडकं घेतोय.

सिस्टर: उद्या नवा दोर आणते. गाठी मी मारते. टाके घालून घालून हात बसलाय माझा.

मास्तर: मारा. पुढच्या वर्षी पुन्हा नवा आणा. मी नको म्हटलं तरी आणा.

सिस्टर: आणि हा? टाकायचा?

मास्तर: नाही. आधी ती इस्त्री सोडा त्याची. आणि गुंडाळून माळ्यावर ठेवा, ही ठेवायची तसा.