गप्प बसलेल्यांची हरकत

सन्माननीय अध्यक्ष, आपले सरपंच मधू नाईक. वेळात वेळ काढून आलेले मामलेदारसाहेब. आजचे सत्कारमूर्ती, पंचवीस वर्षं गावचे पोलिस पाटील राहिलेले हरिश्चंद्र परब. आणि समोर बसलेल्या माय-माउल्या व ग्रामस्थ मंडळी, सर्वांना नमस्कार.

मी गुरुदास. गावाला ओळख नको, पाहुण्यांसाठी सांगतो. बांधाच्या भांडणात माझ्या हातून माझा चुलतभाऊ मेला. सात वर्षं घाटावरच्या तुरुंगात काढली. ती शिक्षा रास्तच होती. सुटून चार वर्षं झाली. तुरुंगातून परतलेले आम्ही पाच जण कैद्यांना वेळेवर रजा मिळावी, सुटलेल्याला काम मिळावं म्हणून कचेऱ्यांतून अर्ज घेऊन फिरतो. लोक चहा देतात, पण आमचे कप वेगळे ठेवतात. असो.

पाटीलबाबांबद्दल दोन शब्द चांगले बोल, असं सत्कार ठेवणाऱ्या मंडळाने मला बजावलंय. खरे बोललो तर चालतील ना?

माझी आई सत्यवती अंथरुणाला खिळली, तेव्हा मी पॅरोलचा अर्ज केला. चौकशीचा कागद पाटीलबाबांकडे आला. त्यांनी रीतसर देवळात गाव जमवला आणि विचारलं, "गुरुदासाक रजेर सोडतले. कोणाची हरकत आसा काय?" कोणी 'नको' म्हणालं नाही. 'येऊ दे' असंही कोणी म्हणालं नाही. तुम्हीच होतात की सगळे! जत्रा तोंडावर आलेली, उगाच विषाची परीक्षा कोण घेणार? पाटीलबाबांनी शेरा लिहिला, गावाची हरकत आहे.

आई रोज विचारायची, "माझो झील खंय पोचलो?" आणि पाटीलबाबा रोज तिच्या उशाशी बसून सांगायचे, "फोंडाघाट उतरलो गो, आता इलोच." हे मला शेजारच्या आनंदीवहिनीने सांगितलं. चार दिवस मी नुसता फोंडाघाटच उतरत होतो. पाचव्या दिवशी आई गेली. तिला पहिला खांदा दिला तो पाटीलबाबांनीच. त्यामुळे मला त्यांच्यावर धड रागावता येत नाही, आणि माफही करवत नाही.

हे आज का उकरून काढतोय? तसाच एक कागद पुन्हा त्यांच्याकडे आलाय, तुरुंगात असलेल्या आपल्या गणपतचा. त्याची बायको मथुरा कालपासून पेजसुद्धा गिळत नाही. पाटीलबाबांच्या सहीचा आज शेवटचा दिवस. नवा पाटील नेमायला महिने लागतील. मथुरेकडे तेवढे दिवस नाहीत, हे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलंय.

गाव जमलेला आहे. साहेबांच्या साक्षीने मीच विचारतो. गणपताक पंधरा दिवस घराक सोडूक कोणाची हरकत आसा काय?

मागे बसलेल्यांनी पण सांगा. मी थांबतो.

बघा पाटीलबाबा, तेव्हासारखेच सगळे गप्प आहेत. तेव्हाही ते एवढंच बोलले होते. या वेळी तुम्ही 'हरकत नाही' असं लिहा. कागद तुमच्या पिशवीत आहे, मला ठाऊक आहे.

मला इथे उभं राहू दिलंत, मंडळाचे आभार. मानाच्या दिवशी तोंडून कडू निघालं, ते पोटात घाला. नाहीच घालता आलं तर शिक्षा करा, मला सवय आहे. पण शाल-नारळ मागाहून, पाटीलबाबा. आधी सही. मथुरेच्या उशाशी बसून कोणाला फोंडाघाट सांगावा लागू नये.